बोंबल्याचा जबाब

तपासणी नाक्यावर वाहनात विनापरवाना साग आढळल्यास पंचनामा करावा, असा नियम आहे. पंचनाम्याला दोन पंच लागतात. अहेरीच्या रस्त्यावरच्या आमच्या नाक्यावर त्यातला एक पंच गेली अकरा वर्षं मी आहे. मी निवृत्त ग्रामसेवक. समोरच्या टपरीवर रोज नऊला चहाला येतो, म्हणून सापडतो. दुसरे पंच इसरूभाऊ टपरीचे मालक आहेत, त्यांना तर पळूनही जाता येत नाही. आजवर मी एकशे चाळीस पंचनाम्यांवर सह्या केल्या आणि त्यांतले तीन वाचले. वाचल्याने सहीत काही फरक पडत नाही, हे लक्षात आल्यावर वाचणं सोडलं.

या मंगळवारी ब्रह्मपुरीहून आलेल्या जीपमधून एक मान वाकडी झालेला माणूस उतरला. लहानू निकुरे, वय बावन्न.

"काय करतोस?" वनरक्षक रोशनने विचारलं.

"टीव्हीवर काम करतो जी."

"तुले तं कधी पाह्यलं नाई."

खरं होतं. लहानूला कुणीच पाहिलं नव्हतं. आमच्या केबलवरच्या वाहिनीवर दर शनिवारी दुपारी एक वाजता 'बोंबल्या बोलते' हा कार्यक्रम लागतो. त्यात बोंबल्या नावाचा लाकडी बाहुला टेबलावर बसून तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांची बिनपाण्याने करतो. टेबलाखाली बसून हात वर करून त्याला हलवणारा लहानू. बोंबल्याचा आवाज लहानूचा, बोंबल्याच्या बायकोचा आणि म्हशीचाही लहानूचाच. विनोदही तोच लिहितो. बावीस वर्षं हे चाललं आहे आणि मान त्यातच गेली. कार्यक्रमाच्या शेवटी नाव येतं: 'कलाकार: बोंबल्या'. एकदा त्याने वाहिनीचे मालक कुलदीपभाऊंना भीत भीत विचारलं होतं. ते म्हणाले, "तुहं नाव टाकलं तं लोकायले वाटन ना बा, का बोंबल्या खोटा आहे."

लहानूच्या पिशवीतून बोंबल्याचं डोकं दिसलं आणि नाक्यावर आनंदीआनंद झाला. रोशनने सेल्फी घेतला. इसरूभाऊंनी बाहुल्यापुढेही चहा ठेवला. लहानूने खिशातून पत्र काढलं. वनखात्यानेच अहेरीला 'वणवा टाळा' कार्यक्रमासाठी बोलावलं होतं. पत्रावर लिहिलं होतं: 'प्रति, श्री. बोंबल्या यांस'.

तेवढ्यात वनपाल प्रवीण साहेब बाहेर आले. तेही हसले. त्यांनी बोंबल्याला कौतुकाने उचललं आणि वीस वर्षांच्या नोकरीची सवय म्हणून त्याच्या डोक्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं. मग त्यांचा चेहरा बदलला.

"साग आहे," ते म्हणाले.

"बापाच्या खाटेचा पाय आहे जी. घरचाच."

"वाहतूक परवाना?"

"खाटेचा?"

"खाटेचा नाही. मुंडक्याचा."

परवाना नव्हता. पण साहेब माणूस चांगला. ते म्हणाले, मार्ग आहे. लाकडावर खात्याच्या हातोड्याचा शिक्का मारू, मग परवाना देता येईल. हातोडा आला. तो ओंडक्यांसाठी बनवलेला असतो. शिक्क्यासाठी सपाट जागा लागते, म्हणून सगळ्यांनी बाहुल्याकडे पाहिलं. सपाट फक्त कपाळ होतं.

लहानू घाबरला आणि त्याचा हात आपोआप बाहुल्यात गेला. बोंबल्याने मान वळवली. "साहेब, माहं डोकं फुटलं तं विचार कोन करल? तुमच्या खात्यात तं तसाही कोनी करत नाई!"

नाका हसला. सर्वांत जास्त मी हसलो, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. साहेबही हसले. मग त्यांनी आपल्याला हसताना रोशन पाहतोय हे पाहिलं.

"कोण बोललं?"

हात आत असताना आपण बोललो असं कबूल करायचं नाही, हा बाहुलीवाल्यांचा धर्म असतो. लहानूने तो बावीस वर्षं पाळला होता. त्याने डाव्या हाताने बोंबल्याकडे बोट दाखवलं. "हा जी."

"लिहून घे," साहेब रोशनला म्हणाले.

लाकडाचा जबाब कसा घ्यायचा, अशी शंका रोशनने काढली. साहेबांनी पत्र दाखवलं. खात्याने ज्याला 'श्री.' लिहून आवक-जावक क्रमांक दिला, तो लाकूड कसा? रोशनने जबाब लिहिला. तुम्ही कुठून आलात? "लहानूच्या बापाच्या खाटेतून." कापलं कोणी? "लहानूनं." करवत कोणाची? "शेजाऱ्याची. अजून वापस नाई केली." इतका खरा जबाब त्या नाक्यावर आजवर कुणी दिला नव्हता. खाली मी आणि इसरूभाऊंनी पंच म्हणून सह्या केल्या.

इथवर सगळं नियमाने झालं आणि पुढचंही नियमानेच झालं. बोंबल्या आता मुद्देमाल राहिला नव्हता. तो लहानूविरुद्धचा मुख्य साक्षीदार होता. आरोपीने साक्षीदारापासून लांब राहायचं असतं. रोशनने लहानूचा हात बाहुल्यातून काढला आणि बोंबल्याला कार्यालयात खुर्चीवर बसवलं. त्या कार्यालयात अभ्यागताला खुर्ची मिळाल्याचा हा पहिलाच प्रसंग.

"साहेब, शनवारी कार्यक्रम आहे," लहानू म्हणाला. "याच्याबिगर मले बोलताच येत नाई."

"आरोपीने कमी बोललेलंच बरं."

बुधवारी वनपरिक्षेत्र अधिकारी नंदिनी मॅडम जबाबाची खातरजमा करायला आल्या. त्यांनी बोंबल्याला तीनदा नाव विचारलं. बोंबल्या गप्प. रोशनने आत हात घालून पाहिला. तोंड उघडलं, मिटलं, आवाज नाही. मॅडमनी शेरा मारला: 'साक्षीदार फितूर. आरोपीचा दबाव असावा.' लहानूला बोलावण्यात आलं.

"म्याडम, तो आवाज माहा आहे," लहानूने शेवटी धर्म सोडला.

"म्हणजे जबाब खोटा आहे?"

"नाई जी, खरा आहे. पन मी बोललो."

"तुम्ही स्वतःविरुद्ध खरी साक्ष दिली? असं कुणी करतं का?" मॅडमच्या पंधरा वर्षांच्या नोकरीत असं झालं नव्हतं. "बरं, तो आवाज आत्ता काढून दाखवा."

लहानूने तोंड उघडलं. आवाज येईना. उभं राहून, लोकांच्या डोळ्यांत पाहून तो आवाज त्याने कधी काढलाच नव्हता. शेवटी तो मॅडमच्या टेबलाखाली शिरला, मान वाकडी केली, रिकामा हात वर केला. आणि खालून बोंबल्या बोलला: "म्याडम, इथी खाली तं वरच्यापेक्षा जास्त काम होऊन राह्यलं ना!"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "टेबलाखाली जे होतं ते आम्ही नोंदीवर घेत नाही," त्या म्हणाल्या.

पण त्याही वाईट नव्हत्या. त्यांनी तोड सुचवली. बोंबल्याचा आवाज लहानू निकुरे यांचाच आहे, असं पन्नास प्रेक्षकांनी सहीनिशी लिहून द्यावं. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. तसं झालं तर जबाब लहानूचा धरून बाहुला त्याला परत मिळेल. नाहीतर साक्षीदार निरुपयोगी ठरवून पुन्हा लाकूड म्हणून नोंदवला जाईल, कपाळावर हातोडा पडेल आणि लाकूड डेपोत जमा होईल.

लहानूचा जीव भांड्यात पडला. पन्नास? दोन जिल्हे पाहतात! अर्ज मीच लिहून दिला. अक्षर चांगलं आहे माझं.

गुरुवारी तो एसटीने गावोगाव फिरला. सरपंच गुणाबाईंनी त्याला खाटेवर बसवलं, चहा दिला. बोंबल्या त्यांना पोटच्या पोरासारखा. अर्ज वाचून त्यांनी परत केला. "भाऊ, तो तं बीडीओ साहेबाले झोपलेला अजगर म्हनला होता. आमी लय हासलो. पन सही केली तं मानूस म्हनला असं होते ना! मंग कोन हासलं, हे बी पुसतीन."

पियुष गुरुजी मुख्याध्यापकांना जे सुनवायचं ते 'बोंबल्या म्हणते' असं म्हणून सुनवत. गेली सात वर्षं त्यांची हिंमत याच पद्धतीने टिकून होती. ते म्हणाले, "बोंबल्या बोलला तं विनोद होते. तुम्ही बोलले तं अर्ज होते. मले विनोदातच राहू द्या." वाहिनीवाल्या कुलदीपभाऊंनी सांगितलं, बाहुल्याची मतं त्याची स्वतःची आहेत, वाहिनी त्यांच्याशी सहमत असेलच असं नाही. शनिवारी त्या वेळात ते जुने भाग लावणार आहेत. प्रेक्षकांना कळायचं नाही.

सही एकीनेच केली, गिरजाबाईने, म्हणजे लहानूच्या बायकोने. "माही घ्या," ती म्हणाली. "बावीस वर्षं याच्या मानीले तेल लावून राह्यली मी. आवाज कोनाचा ते मले नाई मालूम तं कोनाले?" मॅडमच्या कार्यालयाने ती सही बाद केली. नातेवाइकांची चालत नाही.

आज शुक्रवार. दुपारी लहानू टपरीवर आला आणि माझ्यासमोर बसला.

"भाऊ, तुमच्या पुढ्यात बोललो ना मी?"

"हो."

"तुमी हासले बी."

"हो."

"मंग करा ना सही."

मी त्याला समजावलं. आवाज बोंबल्याचा, याच्यावर माझी पंच म्हणून सही आहे. आता उलट सही केली तर उद्या कुणी माझे एकशे चाळीस पंचनामे उकरून काढील. इसरूभाऊही तेच म्हणाले. लहानूने अर्ज माझ्यासमोर ठेवला आणि नाक्याच्या पायरीवर जाऊन बसला. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. पण लाज वाटून सही होत नसते.

साडेचार वाजलेत. हातोडा टेबलावर काढून ठेवला आहे. रोशन त्याच्याकडे बघत नाही. अर्ज अजून माझ्याजवळ आहे, त्यावर पन्नास रिकाम्या रेघा. मी बराच विचार केला आणि मला सुचलं की इथवर हसत आलेला प्रत्येक जण प्रेक्षकच आहे. म्हणजे तुम्ही पात्र आहात, पंच नाही आहात आणि लहानूचे नातेवाईकही नाही आहात. पहिल्या रेघेवर पूर्ण नाव लिहा, खाली गाव आणि मोबाईल नंबर, शेजारी सही. पेन माझं घ्या.

अहो, पान कुठे उलटताय?