चिंचिलेचा पाय आणि शेजारधर्म

एका जंगलात, मुलांनो, एक अस्वल राहत होतं. तशी पुष्कळ राहत होती, पण आपलं काम एकाशीच आहे. त्यांचं नाव विश्रामपंत. स्वभावाने इतके भिडस्त, की पोळ्यातला मध काढण्याआधी माश्यांची परवानगी मागायचे. त्यांच्या पत्नी सगुणाबाई. त्या न विचारता काढायच्या. म्हणून घरात मध असायचा.

या दोघांनी एक चिंचिला पाळली होती. चिंचेशी तिचा काही संबंध नाही. हा सातासमुद्रापलीकडच्या थंड डोंगरातला प्राणी. उंदराहून मोठा, सशाहून लहान, आणि लोकर अशी, की हात लावला तरी लावल्यासारखा वाटू नये. म्हणून तिचं नाव मखमल. ती दिवसभर झोपायची, संध्याकाळी राखेत लोळून अंघोळ करायची, आणि मग विश्रामपंतांच्या पोटावर उड्या मारायची. घरात मूलबाळ नव्हतं. गडबड म्हणायची ती तेवढीच.

मखमलच्या पिंजऱ्याला तळाशी तारेची जाळी होती. घाण खाली पडते, झाडायला सोपं, असं पिंजरा विकणाऱ्या माकडाने सांगितलं होतं. चिंचिलेचे पाय काडीएवढे असतात, हे काही त्याने सांगितलं नाही. एका संध्याकाळी उडी मारताना मखमलचा मागचा पाय जाळीत अडकला. ती घाबरली आणि पाय ओढू लागली. कट् असा बारीक आवाज झाला.

विश्रामपंतांनी तिला टॉवेलात गुंडाळलं आणि दोघं तळ्याकडे धावले. तिथे डॉक्टर बगळे एका पायावर उभे होते. डॉक्टर कमी बोलायचे. त्यांनी पाय पाहिला, आधाराला काडी लावून पट्टी बांधली, दुखण्यावरचं औषध दिलं.

"पिंजरा लहान घ्या," ते म्हणाले. "जाळी नको, खाली मऊ कापड घाला. शिड्या, फळ्या काढून टाका. तिने उडी मारता कामा नये. राखेची अंघोळ बंद. गवत, पाणी आणि शांतता, एवढंच द्या. पट्टी मी सोडेन. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"बरी होईल ना?" विश्रामपंतांनी विचारलं.

"तुम्ही काही केलं नाहीत, तर होईल."

विश्रामपंतांना हायसं वाटलं. काही न करणं त्यांना जन्मभर जमत आलं होतं.

पण नवा पिंजरा द्यायला आलेल्या माकडाने मखमलचा फोटो जंगलाच्या ग्रूपवर टाकला. सकाळी उठून पाहतात, तर गुहेबाहेर रांग. आजाऱ्याला बघायला जायचं असतं, ही जंगलाची रीत. सायाळ मावशी मनुका घेऊन आल्या. "औषधाने तोंड कडू होतं गं पोरीचं," म्हणत त्यांनी चार मनुका भरवल्या. मखमलचं पोट फुगलं. मग पोपट आले. मग पोपटांची मावसभावंडं आली. प्रत्येकजण पिंजरा हलवून विचारायचा, "झोपली का?"

सगुणाबाई चहा करून करून वैतागल्या. "यांना सांगा ना, तिला झोप हवी आहे म्हणून."

"असं कसं सांगायचं? लांबून आलेत."

"भीड भिकेची बहीण असते."

"हळू बोल. ऐकू जाईल."

एवढं होऊनही मखमल सुधारत होती, मुलांनो. पाय हळूच टेकून बघत होती. गवत मागत होती. आणि मग बळवंतराव वस्ताद आले.

वस्ताद म्हणजे रानडुक्कर. आखाडा चालवायचे, पैलवानांचे निखळलेले खांदे बसवायचे. सगुणाबाई गवत आणायला गेल्या होत्या. वस्तादांनी तेलाची बाटली काढली.

"ही काडी कशाला बांधली? अहो, बांधून ठेवलं की पाय आखडतो. चोळून मोकळा करायचा."

"डॉक्टर म्हणाले, हात लावू नका."

"बगळा काय सांगतो? त्याला स्वतःचा दुसरा पाय टेकवता येत नाही. धरा तिला."

विश्रामपंतांनी वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद वयाने मोठे, आपणहून घरी आलेले, तेल स्वतःचं. विश्रामपंतांनी मखमलला धरलं. पट्टी सुटली. मखमल एकदाच चिरकली. भीतीने तिच्या लोकरीचा पुंजका गळून विश्रामपंतांच्या पंजात राहिला.

सगुणाबाई परतल्या तेव्हा वस्ताद चहा पिऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी पाय सुजला, बोटं काळी पडली. डॉक्टरांनी विचारलं, "पट्टी कुणी सोडली?"

"वस्ताद घरी आले होते," विश्रामपंत म्हणाले.

"पाय काढावा लागेल."

विश्रामपंत तळ्याकाठी जाऊन बसले. सगुणाबाई शेजारी येऊन बसल्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं विश्रामपंतांना वाटत राहिलं.

मखमल वाचली. तिला परत नेताना विश्रामपंतांनी विचारलं, "तीन पायांवर कसं होणार हिचं?"

"होईल," डॉक्टर म्हणाले. "फक्त तिच्यासमोर रडत बसू नका."

घरी आल्यावर विश्रामपंतांनी गुहेच्या तोंडाशी मोठा धोंडा लोटला. थोड्या वेळाने बाहेरून वस्तादांचा आवाज आला. "उरलेल्या तीन पायांवर आता ताण येणार. तेल आणलंय."

विश्रामपंतांनी धोंड्याला पाठ लावली. "वस्ताद," ते म्हणाले, "मी दार उघडणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे उघडणार नाही."

मग पावलं दूर गेली. सगुणाबाईंनी मधाचं भांडं विश्रामपंतांपुढे ठेवलं.

मखमलची जखम भरली. ती तीन पायांवर चालायला शिकली. मग एका संध्याकाळी तिने विश्रामपंतांच्या पोटावर उडी मारली, घसरली, पुन्हा मारली, आणि वर जाऊन बसली.

इकडे जंगलात बोभाटा झाला, की विश्रामपंतांना गर्व चढला. अस्वलांत पूर्वीची अस्वलकी राहिली नाही, असं सायाळ मावशी म्हणाल्या. वस्तादांचा निःस्वार्थ सेवेबद्दल शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. अस्वलांना आमंत्रण नव्हतं.

तात्पर्य : आजाऱ्याच्या घराचं दार सदैव उघडं असावं. पाय काय, चार असतात; शेजार एकच असतो.