विमान ॲव्हरेज किती देतं?

पत्नीला माहेरी पोचवणं ही नवऱ्याची जबाबदारी कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. पण ती टाळून कोल्हापुरात कुणाचा संसार सुखाचा झाल्याचं ऐकिवात नाही. नृसिंह हेर्लेकर सरांनीही ती कधी टाळली नव्हती. अडचण एवढीच होती की प्रमोदिनीबाईंचं माहेर आजऱ्याला होतं आणि प्रमोदिनीबाईंना गाडी लागत होती. एसटी लागायची, मोटार लागायची, मागची सीट लागायची, पुढचीही लागायची. लिंबू, आलेपाक, सुंठ, पोटाला वर्तमानपत्राचा कागद, सगळं करून झालं होतं. गारगोटीपर्यंत बाई कशाबशा तग धरायच्या. पुढची वळणं सुरू झाली की गाडी कडेला घ्यावी लागायची आणि तिथूनच माघारी वळवावी लागायची. तिकडे आजऱ्यात त्यांची थोरली बहीण, आक्का, अंथरुणाला खिळली होती आणि रोज फोनवर एकच विचारत होती, "पमे, येतीस कवा?"

सर तंत्रनिकेतनातून निवृत्त झाले होते. जन्मभर मुलांना यंत्रशास्त्र शिकवल्यामुळे त्यांनी प्रश्नाचा मुळापासून विचार केला. बायकोला लागते ती गाडी. गाडीच नसेल तर लागेल काय? म्हणून त्यांनी विमान बांधायला घेतलं.

गारगोटी रस्त्याला हंबीररावांचं एक बंद पडलेलं गुऱ्हाळ होतं. हंबीरराव म्हणजे ऊस, दूध आणि तालीम मंडळाचं अध्यक्षपद. त्यांनी ती जागा सरांना एक पैसाही न घेता दिली. फुकट मिळालेल्या जागेचं भाडं वेगळ्याच नाण्यात द्यावं लागतं, हे यंत्रशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात नसल्याने सरांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्या जोडल्या, त्यावर कापड ताणून बसवलं, आत दोन सीटा केल्या, समोर उंची दाखवणारी एक तबकडी लावली. परवानगीसाठी दिल्लीशी पत्रव्यवहार चालू होता, आणि तो यापुढेही चालूच राहील असं दिल्लीने कळवलं होतं.

राहिलं होतं फक्त इंजिन. विमानाचं खरं इंजिन पेन्शनीत बसणारं नव्हतं. तेव्हा मोटारीचं बसवायचं, असं सरांनी ठरवलं आणि पुष्कळ आकडेमोड करून एका लहान मोटारीचं हलकं पेट्रोल इंजिन नक्की केलं. तसं एक सांगलीच्या भंगारवाल्याकडे मिळालंही. मागून ठोकलेल्या गाडीचं होतं, पुढचा भाग कोरा करकरीत. सरांनी ते पाहिलं, कान लावून ऐकलं आणि खुशीत परत आले. एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट लिहावी लागली नसती.

पण सर सभ्य गृहस्थ होते. शाहूपुरीत चहा घेताना त्यांनी हंबीररावांना इंजिनाचं सांगितलं आणि निव्वळ सौजन्य म्हणून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

कोल्हापुरात हा प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही, समिती मिळते. चहा संपायच्या आत इंजिन निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष हंबीरराव, तांत्रिक सल्लागार आकाराम मिस्त्री, ज्यांनी जिल्ह्यातले निम्मे ट्रॅक्टर उघडले होते आणि त्यातले बरेचसे परत मिटलेही होते. महिला सदस्य म्हणून हंबीररावांच्या सूनबाई वर्षाराणी यांना घेण्यात आलं, आणि तसं त्यांना कधीतरी कळवावं असंही ठरलं.

पहिली बैठक गुऱ्हाळात, विमानाच्या पंखाखाली झाली.

"ॲव्हरेज किती देणार?" हंबीररावांनी कामकाजाला सुरुवात केली.

"विमानाचं तसं नसतं," सर म्हणाले. "तिथं तासावर हिशेब धरतात. तासाला साधारण पंधरा लिटर."



"तासावर?" आकाराम म्हणाला. "म्हंजे हुबं ऱ्हायलं तरी पितंय?"

"अहो, आकाशात उभं राहता येत नाही."

"मग तर लईच खाणार की."

"आन् गाडी कुठली म्हनला?" हंबीररावांनी विचारलं.

"सांगलीची," सर निष्पापपणे म्हणाले.

"म्हंजे एमएच धा?" हंबीररावांनी हातातला कप खाली ठेवला. "सर, तुमी शिकल्याली मानसं. उद्या विमान वर गेलं, सगळं गाव माना वर करून बगाय लागलं, आन् कुणी विचारलं इंजान कुठलं, तर आमी काय तोंड दावायचं?"

"इंजिनावर नंबरप्लेट नसते हो."

"प्लेट नसंल. आवाज कळतोय की मानसास्नी."

कोल्हापूरच्या आभाळात सांगलीचं इंजिन फिरवणं उचित नाही, असं सर्वानुमते ठरलं. सरांचं मत विरुद्ध होतं. परंतु सर समितीचे सदस्य नव्हते, निमंत्रित होते.

मग कुठलं बसवायचं, हा प्रश्न अध्यक्षांनी स्वतःच सोडवला. त्यांच्या दारात प्रचाराची जुनी डिझेल जीप उभी होती. पत्रा गंजला होता, पण इंजिन ठणठणीत होतं.

"हिनं तीन इलेक्शनं काढल्यात, सर."

"जिंकलात?"

"काढल्यात म्हनलं मी. कदी बंद पडली न्हाय. आन् डिझेल हाय, ॲव्हरेजला एक नंबर."

सरांनी फळ्यावर समजवावं तसं समजावून सांगितलं. हे इंजिन अडीच माणसांइतकं जास्त जड आहे. शिवाय मोटारीचं इंजिन घाटात घटकाभर दमतं आणि उताराला विसावा घेतं. विमानाला विसावा नाही. विमान म्हणजे अख्खा वेळ आंबोली चढत राहणं. आणि वर गेल्यावर बंद पडलं तर कडेला घेता येत नाही.

"कडंला कशाला घ्यायचं?" आकाराम म्हणाला. "खाली घ्यायचं की."

सरांना हसू आलं. मग आपण एकटेच हसतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या वेळी ते ठाम नको म्हणू शकले असते. पण जागा हंबीररावांची, वेल्डिंग आकारामचं, आणि इतक्या मायेने आपल्या विमानाचं वाटोळं करणाऱ्या माणसांना नको कसं म्हणायचं, हे त्यांना कळेना.

जीपचं इंजिन विमानाला बसलं. विमान नाकावर पडलं. समितीने घटनास्थळाची पाहणी करून शेपटीत वाळूची पोती भरण्याची शिफारस केली. पोती भरल्यावर विमान सरळ झालं आणि बसकण मारून खाली गेलं, कारण त्याची चाकं सायकलच्या मापाची होती. म्हणून जीपची चाकं आली. चाकांमागोमाग त्यांचा दांडा आला. आता इंजिन जीपचं, चाकं जीपची, मग मधला गिअरबॉक्स तेवढा उन्हात का ठेवायचा, असा आकारामने मुद्दा काढला. चाकांना जोर मिळाला तर विमान पळेलही जोरात आणि उडेलही लवकर. या युक्तिवादात खोट काढायला सरांनी दोन वेळा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा समोर चहा आला.

"सर, तुमी टेन्शन घेऊ नका," हंबीरराव म्हणाले. "तुमच्यापायी आमी हाय की सगळी."

याच सुमारास सांगलीच्या भंगारवाल्याचा फोन आला. ते हलकं इंजिन दुसऱ्या एकाने नेलं होतं. तोही घरीच विमान बांधत होता म्हणे. नवखा माणूस, गावात ओळखपाळख कुणाशी नाही, त्यामुळे त्याला इंजिन एकट्यानेच निवडावं लागलं. भंगारवाल्याला त्याची कीव वाटत होती. सरांना हेवा वाटला.

विमान तयार झालं, पण ते उडवायला मोकळा माळ हवा, आणि माळापर्यंत जायला रस्ता. उसाच्या ट्रॉलीवर घालून न्यावं, असं सरांनी सुचवलं.

"कोल्हापूरचं इमान ट्रॉलीवर जाणार?" हंबीरराव दुखावले. "सोताच्या चाकावर जाईल."

स्वतःच्या चाकावर जायचं म्हणजे पासिंग आलं. पासिंगचे साहेब आले, त्यांनी भोवती एक फेरी मारली आणि अत्यंत सौजन्याने नियम सांगितले. पंख रस्त्यात मावत नाहीत, काढा. पुढं पातं फिरतंय, चालत्या माणसाला लागेल, काढा. शेपूट मापाबाहेर जाते, काढा. इंजिन उघडं आहे, झाका. झाकायला जीपचं बॉनेट अगदी बेतल्यासारखं बसलं.

"साहेब, मग विमानाचं राहिलं काय?" सरांनी विचारलं.

"राहिलं ते नियमात बसतंय," साहेब म्हणाले आणि पुढच्या वाहनाकडे वळले.

नंबर मिळाला, एमएच नऊ. मंडळाने हार घातला. "माळावर गेल्यावर पंख परत बसवू की," असं हंबीररावांनी सरांना वचन दिलं. मात्र ठरलेल्या दिवशी त्यांच्याच मनात आलं की पासिंग झालंय, टाकी फुल्ल आहे, वहिनी तयार होऊन आल्यात, तर माळावर वेळ कशाला घालवायचा? सरळ आजऱ्यालाच जाऊ.

प्रमोदिनीबाई खरंच तयार होऊन आल्या होत्या. त्यांनी आक्कासाठी जुन्या मऊ लुगड्यांची गोधडी शिवली होती, ती छातीशी धरून त्या उभ्या होत्या. समोर उभ्या असलेल्या गोष्टीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"अहो, हे गाडीसारखं दिसतंय."

"इंजिन गाडीचंच आहे ना," सर खाली बघत म्हणाले, "म्हणून तसं वाटतं."

त्या चढून बसल्या. नवऱ्यावरचा विश्वास ही जुन्या पिढीची खोड आहे, जाता जात नाही.

हंबीरराव चालवायला, शेजारी आकाराम, मागे जीपमधूनच आणून बसवलेल्या बाकावर सर आणि बाई. विमानाची एकच वस्तू आता शाबूत होती, ती उंचीची तबकडी. गारगोटी मागे पडली, चढ लागला, काटा थोडा वर सरकला, आणि सरांना क्षणभर बरं वाटलं. मग पहिलं वळण आलं. दुसरं आलं. तिसऱ्याला बाईंनी सरांच्या दंडाला धरलं.

"थांबवा."

विमान कडेला घेण्यात आलं.

बाई करवंदीच्या जाळीशी वाकल्या. सर पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभे राहिले, दरवेळी राहायचे तसे. गोधडी सीटवर होती. बाईंनी चूळ भरली, डोळे पुसले आणि वर पाहिलं. आभाळात एक बारकं, पांढरं विमान चाललं होतं. बिनघोर, सरळ, आजऱ्याच्या दिशेने.

"अहो, त्यात लागत नसेल ना कुणाला?"

"नाही," सर म्हणाले. त्यांनी तो आवाज ओळखला होता. "तिथं वळणं नसतात."

"कुणाचं म्हनायचं हे?" हंबीररावांनी डोळ्यांवर हात धरून विचारलं.

"सांगलीचं."

हंबीरराव आणि आकाराम बराच वेळ वर बघत राहिले. विमान डोंगरापलीकडे गेलं तेव्हा कुठे त्यांनी माना खाली केल्या.

"ॲव्हरेज बसत नसणार," हंबीरराव म्हणाले.

"कसलं बसतंय," आकाराम म्हणाला.

आणि समितीने गाडी तिथूनच माघारी वळवली.

ही हकीकत आम्ही आजवर पुष्कळ भल्या माणसांना सांगितली आहे. सगळ्यांनी ती मन लावून ऐकली, हंबीररावांना मनसोक्त हसले. प्रमोदिनीबाईंची आणि आक्काची पुढे भेट झाली का, असं मात्र एकानेही विचारलं नाही. विचारलं ते एकच. तुम्हीही सभ्य आहात, तुम्हालाही संकोच वाटत असेल, तेव्हा न विचारताच सांगून टाकतो. घाटात अकरा, सपाटीला चौदा.