गावभरच्या रजया

सकाळचा चहा बशीत ओतता ओतता पार्वतीबाईंनी बातमी दिली, "दावलभाई पिंजारी गाव सोडायलाय म्हनं. सेलूच्या जिनिंगात हमाली करनार."

सरपंच आबासाहेबांची बशी हातातच राहिली. त्या काळी दिवाळी सरली की दावलभाईच्या अंगणातून कापूस पिंजायचा टण् टण् आवाज यायचा आणि मगच गाव म्हणायचं, थंडी आली. झरीच्या रस्त्यावरचं ते एवढंसं गाव. तेल्याचा घाणा आधीच बंद पडला होता, कासार परभणीला गेला होता. आता पिंजारीही गेला तर उरलं काय? आबासाहेब चहा टाकून उठले.

दावलभाई बोचकं बांधत होता.

"काय कमी पडलं, दावलभाई?"

"काम कमी पडलं, आबासाहेब. लोकं बाजारातून कारखान्याचं ब्लँकेट आनायलेत. पिंजण कोनासाठी वाजवू?"

"थांबा जरा. गाव मेलं न्हाई अजून."

आबासाहेबांचा स्वभावच असा, की चांगलं काम करायचं तर दवंडी पिटूनच. संध्याकाळी कोतवाल लिंबाजीनं हलगी वाजवून सांगितलं, "ऐका हो ऐका! घरातल्या गाद्या-रजया दावलभाईकडं पिंजायला द्याव्या! जो देनार न्हाई, त्याला गावाचा आभिमान न्हाई होऽ!"

शेवटचं वाक्य लिंबाजीच्या पदरचं होतं, आणि सगळा घोटाळा त्यानंच केला. बिनअभिमानाचं कोण राहणार? दुसऱ्या दिवशी डोक्यावर रजया घेऊन गाव निघालं. रंगनाथरावांनी पाहुण्यांची गादीसुद्धा दिली हे कळताच आश्रुबानं म्हाताऱ्या आईच्या अंगाखालची ओढून नेली. आबासाहेबांनी तर घरातल्या झाडून सगळ्या बैलगाडीत घातल्या.

"अवो, एक तरी ठिवा!" पार्वतीबाई गाडीमागं धावल्या.

"सरपंचाच्या घरात एक जरी राहिली तर लोकं काय म्हनतील?"

दावलभाईचं घर आढ्यापर्यंत भरलं. त्याची बायको जैतूनबी चूल घेऊन अंगणात आली. माणूस एक, पिंजण एक. दिवसाकाठी एखादी रजई झाली तरी खूप. आणि नेमकी त्याच आठवड्यात अशी थंडी पडली की रांजणात तांब्या घालायची कोणाची छाती होईना.

गावात सतरंज्या, पोती, जुनी लुगडी, हाताला येईल ते अंगावर आलं. आबासाहेबांनी गोठ्यातून पोळ्याची आरशांची झूल काढली आणि गुंडाळून ओट्यावर बसले.

"बैलाला शोभून दिसती," पार्वतीबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

दावलभाईच्या अंगणात तर भांडणच लागलं. "माझी कवा?" "त्याची आधी का?" शेवटी झूल सावरत सरपंचांनाच यावं लागलं. "आधी म्हाताऱ्यांच्या, मग लेकुरवाळ्यांच्या. माझ्या सगळ्यात शेवटी," असा न्याय त्यांनी दिला. टाळ्या पडल्या. पार्वतीबाईंनी मात्र अबोला धरला.

पण ते दिवस मोठे मजेचे गेले, हे खरं. आपली रजई कुठवर आली हे बघायला लोक यायचे, जैतूनबीच्या शेकोटीपाशी टेकायचे आणि तिथंच रमायचे. सगळे सारखेच कुडकुडत होते, त्यामुळं कोणी कोणाला हसत नव्हतं. गाव इतकं जवळ जवळ बसलेलं पुन्हा कधी दिसलं नाही.

आबासाहेबांच्या रजया होळी उलटल्यावर घरी आल्या. तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. पण दावलभाई राहिला, आणि आबासाहेब वर्षभर छाती काढून फिरले.

पुढल्या दिवाळीनंतर दावलभाई बोचकं घेऊनच त्यांच्या दारात उभा राहिला.

"निघालो, आबासाहेब. सलाम करायला आलो."

"आता काय झालं? मागच्या साली लय काम दिलं की गावानं!"

"तेच झालं ना." दावलभाई अवघडून म्हणाला. "एकदा पिंजलेली रजई तीन सालं हालत न्हाई. सगळ्या गावाची एकदमच झाली. आता तीन सालं मी काय खाऊ?"

इतक्या प्रेमानं आबासाहेबांनी एका माणसाचा धंदा बुडवला होता. त्यांचे डोळेच भरून आले.

तेवढ्यात आतून घागर पालथी झाल्याचा आवाज आला.

"अगं बाई! मांजरानं घात केला!" पार्वतीबाई आबासाहेबांची भिजलेली गादी ओढत बाहेर आल्या. "दावलभाई, बोचकं ठिवा खाली. आता ही उसवून, वाळवून पिंजल्याशिवाय भागत न्हाई."

दावलभाईनं गादी चाचपली. पाण्याची धार लागली. "वैनी, मांजरानं घागर उचलली?"

"तुमाला काय करायचंय? तुमी पिंजा."

पार्वतीबाई शेजारच्या कमलबाईच्या कानाला लागल्या आणि दिवस मावळायच्या आत ती साथ गावभर पसरली. कोणाची रजई उंदरानं उसवली, तर कोणाची कोरड्या आभाळाखाली गळक्या घरानं भिजवली. आश्रुबाची नातवानं ओली केली. आश्रुबाचं लग्न व्हायचं होतं.

आबासाहेबांना भरून आलं. "लिंबाजीला बोलवा," ते म्हणाले, "औंदा पाळीपाळीनं भिजवायची दवंडी..."

"खबरदार!" पार्वतीबाई गरजल्या.

आपली गादी दावलभाईच्या डोक्यावरून जाताना आबासाहेबांनी डोळे भरून पाहिली, आणि झूल काढायला गोठ्याकडं निघाले.