निळोबाचं ‘मी जाते’

निळोबा कुणाच्याही घरून निघाला की दारात उभा राहायचा, दोन्ही हात जोडायचा आणि खणखणीत आवाजात सांगायचा, “मी जाते.”

शब्द दोन, आणि घोटाळेही दोन. एक तर हा गडी सव्वासहा फूट उंच, तोंडभर सोनेरी दाढी, आणि बोलणार बाईमाणसासारखा. दुसरं म्हणजे, आपल्याकडं निघताना ‘जातो’ कोण म्हणतं हो? हमरीतुमरीचं भांडण झालं तरी माणूस ‘येतो’ म्हणूनच उंबरा ओलांडतो. ‘जातो’ म्हणणारा एकदाच जातो, परत येत नाही, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. निळोबाला ते पटत नव्हतं.

त्याचं खरं नाव नील्स. राहणार डेन्मार्क. डोळे निळे आणि नावही तसंच, म्हणून गावानं पहिल्याच आठवड्यात त्याचा निळोबा केला. तिकडं तो शेतकी कॉलेजात शिकत होता. परदेशात जाऊन दोन-चार जनावरांवर पोट असलेल्या लोकांबरोबर राहायचं, त्यांना मदत करायची, असा त्याचा वर्षभराचा अभ्यास होता. महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतंच झालेलं. मी परंड्याकडच्या एका गावात ग्रामसेवक होतो. एक दिवस आमच्या बीडीओ साहेबांनी जीपमधून याला उतरवला आणि म्हणाले, “भाऊसाहेब, तुम्हाला इंग्रजी येतं ना? सांभाळा याला.”

आता माझी सगळी शाळा निजामाच्या राज्यात उर्दूत झालेली. इंग्रजी म्हणाल तर ‘येस सर’ छान यायचं. ‘नो सर’ म्हणायची नोकरीत कधी वेळ आली नाही. त्यामुळं मी ‘येस सर’ म्हणालो आणि निळोबा माझ्या गळ्यात पडला.

माझ्या इंग्रजीचा तळ त्यानं दोन दिवसांत गाठला. तिसऱ्या दिवशी तो हलीमाबीच्या शेळ्यांमागं चालायला लागला. हलीमाबी म्हणजे वेशीजवळ राहणारी म्हातारी. नवरा कधीच वारलेला, घरात दुसरं माणूस नाही. चार काळ्याभोर शेळ्या, त्यांचं दूध आणि दर साली विकायला होणारी करडं, यावर तिची चूल पेटायची. आदल्या साली करडं जगली नाहीत, तेव्हा तिनं अर्ध्या भाकरीवर दिवस काढलेले मी पाहिले होते. सकाळी ती शेळ्या घेऊन माळावर निघायची आणि हा लांबलचक माणूस त्यांच्या मागोमाग. तो तिला अम्मा म्हणायचा, ती त्याला नीलू, आणि दिवसभर तिच्याशी बोलून बोलून त्यानं मराठी उचललं. ती ‘मी आले’ म्हणायची, हाही ‘मी आले’ म्हणायला लागला. ती ‘दमले ग बाई’ म्हणून बांधावर टेकायची, की हाही शेजारी टेकायचा आणि दाढीवरनं हात फिरवत म्हणायचा, “दमले ग बाई.”

मी समजावलं, “निळोबा, तू पुरुष आहेस. ‘आलो’ म्हण.”

“अम्मा ‘आले’ म्हणते. अम्मा चूक?”

“अम्मा बाई आहे.”

“शेळीला सांगते मी. शेळी काही म्हणत नाही.”

 मी डोक्याला हात लावला.

पण खरी पंचाईत त्या ‘जाते’ची. हलीमाबी पहिल्यापासून त्याला टोकायची, “आरं, येते म्हण. जाते म्हनू न्हाय.” निळोबा कपाळाला आठ्या घालायचा. खोटं बोलायचं नाही, असं त्याचं एक खूळ होतं. जो माणूस निघालाय तो ‘येते’ कसं म्हणेल? म्हणून तो सगळा खुलासा करूनच निघायचा. पाटलांच्या ओसरीवर चहा पिऊन उठला की, “मी जाते. उद्या येत नाही. परवा येते. संध्याकाळी.” आणि परवा संध्याकाळी खरंच हजर. पाटील विसरलेले असायचे, घरात दूध नसायचं, पाटलीणबाई माझ्या नावानं बोटं मोडायच्या.

एकदा पाटलांची आई आजारी पडली. म्हातारी खूप थकलेली, आज-उद्याची धरलेली. निळोबा बघायला गेला, उशाशी बसला, तिचा हात हातात घेतला. सगळ्यांना बरं वाटलं. उठताना त्यानं हात जोडले आणि म्हणाला, “आई, मी जाते.” म्हातारीनं खाडकन डोळे उघडले. “तू कुठं जातूस रं? आदी माझा नंबर हाय.” आणि हसता हसता उठून बसली. पुढं चांगली धडधाकट झाली. पाटील म्हणायचे, डॉक्टरच्या सुईनं झालं नाही ते निळोबाच्या मराठीनं झालं.

त्याचं दुसरं वेड म्हणजे नाळ. करडं जन्मल्यावर नाळ पिकते आणि ती चार दिवसांत मरतात, हे त्यानं आल्या आल्या हेरलं होतं. त्यानं पिशवीतून टिंचर आयोडीनची बाटली काढली आणि गावात कुठंही शेळी व्याली की हा धावत. “नाळ बघितली?” हा त्याचा मंत्रच झाला. लोक आधी हसले. पण करडं जगायला लागली तसे लोक रात्री-अपरात्री त्याच्या दाराची कडी वाजवायला लागले. गावातलं प्रत्येक करडू पोटाला तपकिरी टिळा लावून हिंडायचं. ओळखीच्या माणसालाही तो आधी नाळ विचारायचा, मग रामराम. पाटलांच्या सुनेला मुलगा झाला, मी पेढे घेऊन त्याच्याकडं गेलो, तर पेढा तोंडात टाकायच्या आधी म्हणाला, “नाळ बघितली?” मी म्हटलं, “बाबा, ते सुईण बघते. तू पेढा खा.”

आणि मग बिजलीचा दिवस आला.

बिजली ही हलीमाबीची सगळ्यात दुधाळ शेळी. भर दुपारी मी चावडीत बसलो होतो, तर म्हातारी अनवाणी पळत आलेली. “भाऊसाब, नीलू कुठं हाय? बिजली सकाळधरनं कुंथतीया. नुसता एक पाय भाईर आलाय.” निळोबाला मी आडाच्या काठावर आंघोळ करताना गाठला. तो तसाच ओल्या अंगानं पिशवी घेऊन निघाला आणि नेहमीप्रमाणं हलीमाबीच्या दाराच्या चौकटीवर डोकं आपटून आत शिरला.

बिजली आडवी पडलेली, डोळे फिरवत होती. निळोबानं पोट चाचपलं. म्हणाला, “डोके मागे वळले. हात घालायला हवा.” साबणानं हात धुतले, करडईचं तेल चोपडलं, हात पुढं केला आणि थांबला. स्वतःच्या पंजाकडं बघत राहिला. अहो, पंजा कसला, भाकरी थापायची काठवट होती ती. शेळीच्या पोटात कुठून जाणार?

मग त्यानं माझ्या हातांकडं बघितलं. माझे हात लहानपणापासून बारीक. आमच्या घरात बांगड्या भरताना कासारीण चेष्टा करायची, की याला बायकांचं माप येईल.

“भाऊसाहेब,” निळोबा म्हणाला, “तुझे हात.”

मी म्हटलं, माझं काम दप्तराचं आहे. मी म्हटलं, मला रक्त बघवत नाही. हलीमाबी बिजलीचं डोकं मांडीवर घेऊन माझ्याकडं बघत राहिली. माझ्या बाह्या कुणी वर केल्या ते मला आजही सांगता येणार नाही.

“आत जाते, भाऊसाहेब. हळू जाते,” निळोबा माझ्या कानाशी बसून सांगायला लागला. “काय लागते?”

“गरम लागतंय,” मी डोळे मिटून म्हणालो.

“गरम नको. नाक शोधते. नाक.”

“तू आधी केलंयस ना हे?”

“पुस्तकात बघितले.”

मी डोळे उघडून दाराकडं बघितलं. पण हात आत होता, पळणार कुठं? चाचपत चाचपत एक ओलं, मऊ टोक बोटाला लागलं. मी ओरडलो, “नाक!” निळोबा माझ्याहून मोठ्यानं ओरडला. दारात निम्मं गाव जमलं होतं, तेही ओरडलं.

“आता वळवते. शेळी कळ देते, तेव्हा ओढते. शेळी थांबते, तू थांबते.”

बिजलीनं कळ दिली, मी ओढलं. ती थांबली, मी थांबलो. घामानं माझा चष्मा नाकावरून खाली पडला, तो कुणीतरी उचलून परत लावला. पुन्हा कळ, पुन्हा ओढ, आणि एकाएकी सगळं सुटलं आणि एक काळं, बुळबुळीत करडू माझ्या धोतरात येऊन पडलं. हालचाल नाही. हलीमाबीनं डोळ्यांना पदर लावला. निळोबानं करडाचे मागचे पाय धरले, उलटं करून झोके दिले, नाकातला चिकटा पुसला, गवताची काडी नाकात फिरवली. करडू शिंकलं. त्या एका शिंकेनं घरात जो कालवा झाला तसा आमच्या गावानं जत्रेतसुद्धा केला नाही. मी रडत होतो की हसत होतो कोण जाणे. त्या गोंधळात निळोबा गरजला, “नाळ!”

बाटली आली, टिळा लागला, करडू आईला लुचायला लागलं. हलीमाबीनं आम्हा दोघांची आळीपाळीनं दृष्ट काढली. निळोबा हात धुऊन उठला, दारात गेला आणि हात जोडून म्हणाला, “अम्मा, मी जाते. उद्या सकाळी येते.”

हलीमाबीचा चेहरा उतरला. इतकी आनंदात असलेली म्हातारी खाली बसली. “असं नगं म्हनू रं, नीलू. माझा ल्योक रहीम बी असाच गेला. हैद्राबादेला काम बघतो म्हनला. ‘जातूं अम्मा’ म्हनला नि पळाला, येष्टी सुटत व्हती. ‘आतूं’, म्हंजी येतो, म्हनायचं ऱ्हाऊन गेलं. आलाच न्हाय परत.”

निळोबानं माझ्याकडं बघितलं. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी सगळं सांगितलं.  तो ‘येते’ काही म्हणाला नाही. पण त्या दिवसापासून हलीमाबीच्या घरात त्यानं ‘जाते’ म्हणणंही सोडलं. निघायची वेळ झाली की तो गुपचूप उठायचा आणि पाय न वाजवता सटकायचा. सव्वासहा फुटाचा माणूस मांजरासारखा निघून जातोय हे बघून मला हसू यायचं. मागं वळून बघावं तर हलीमाबी त्याच्या कपातला उरलेला चहा घेऊन एकटीच बसलेली.

वर्ष सरत आलं. तोवर माझ्या शिकवणीला यश येऊन निळोबा ‘आलो’, ‘गेलो’ बोलायला लागला होता. निघायच्या दिवशी कुर्डूवाडीला जाणारी गाडी पकडायची होती. तो घरोघर हात जोडून आला. पाटलांना म्हणाला, “मी जातो.” पाटलांच्या आईला म्हणाला, “आई, मी जातो. तू बस.” गाव हसत हसत त्याच्या मागं स्टँडवर आलं. हलीमाबीही आली, बिजलीचं करडू काखोटीला मारून. मला धडकी भरली होती. आता हा काय म्हणणार? खोटं हा बोलत नाही, आणि डेन्मार्क काही परंड्याच्या बाजाराएवढं जवळ नाही.

कंडक्टरनं घंटी मारली. निळोबा पायरीवर चढला, पुन्हा उतरला. करडाचं पोट चाचपून बघितलं, नाळ कधीच वाळून पडली होती. मग म्हातारीपुढं वाकला, इतका की त्याचं डोकं तिच्या खांद्याला लागलं, आणि तिच्याच बोलीत, तिच्याकडून शिकलेल्या त्या बाईमाणसाच्या बोलीत म्हणाला, “अम्मा, मी येते.”

हलीमाबीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “ये, बेटा,” म्हणाली.

गाडी सुरू होताना मी खिडकीला धरून चार पावलं पळालो. मला राहवेना. “निळोबा,” मी विचारलं, “खोटं बोललास?”

त्याचे ते निळे डोळे भरून आले होते. बाहीनं नाक पुसत तो म्हणाला, “नाही, भाऊसाहेब. फक्त कधी येते, ते सांगितले नाही.”