पाऊण तासाची आरती

आमच्या गल्लीत सगळ्यात लांब आरती लक्ष्मीअक्कांची. त्यांना कडवी येतात दोनच, पण आरती पाऊण तास चालते. घंटा पन्नास वेळा वाजल्याशिवाय त्या कापूर लावत नाहीत, आणि घंटा वाजवायची मामांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं.

मामा यंत्रमागावर होते. गेल्या उन्हाळ्यात अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला. दवाखान्यातून रबरी चेंडू दिला, रोज दाबायला. मामांनी तो डाव्या हातानं खिडकीतून फेकला.

"मी काय तान्हं हाय व्हय?"

संध्याकाळी आरतीच्या वेळी अक्कांनी पितळी घंटा मामांच्या उजव्या हातात दिली. देवाच्या घंटेला नाही म्हणायची मामांची छाती झाली नाही.

तेव्हापासून हे चाललंय. मामा दमले की अक्का परत पहिल्या कडव्यावर येतात. आमची त्यांची भिंत एकच, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

"अगं, तेहतीस झाल्या."

"एकोणतीस. देवासमोर खोटं बोलू नगा."

समोरच्या शेवंताबाई एकदा चिडल्या. "अक्का, ही पूजा हाय का दवाखाना? देव उभा राहून कटाळला असंल."

"बसू दे की त्याला. मी कुटं उभं राहा म्हटलं?" अक्का म्हणाल्या. "आपल्याच्यानं हुतंय तेवढं आपुन करावं. उरलेलं त्याचं."

त्यांचं सगळं असंच. गल्लीतल्या इराप्पानं नव्या रिक्षाची पूजा केली, लिंबू-मिरची बांधली आणि अक्कांच्या पाया पडायला आला. आशीर्वाद राहिला बाजूला, त्यांनी आधी विचारलं, "ब्रेक लागतुय का बघितलास?"

मला एक कळत नव्हतं. मामांचा हात सुधारत होता, मग एवढी घाई कशाला? मामा रडकुंडीला यायचे, तरी अक्का सोडायच्या नाहीत. एका दुपारी विड्या वळता वळता मी कसंबसं विचारलं.

अक्कांनी हातातल्या विडीला दोरा गुंडाळला. "माझ्या काळजाची झडप खराब हाय म्हणत्यात. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. मी भ्याले न्हाय. पण बाई, आमाला मूल ना बाळ. मी उठलेच न्हाय तर ह्यांना घास कोण भरवंल? डाव्या हातानं ह्ये जेवत न्हाईत. त्याच्या आत ह्यांनी आपल्या हातानं जेवलं पायजे."

मामांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी वाटीभर शेंगाचटणी घेऊन गेले. मामा जेवत होते. भाकरीचा तुकडा बोटांतून दोनदा सुटला. तिसऱ्यांदा तोंडापर्यंत गेला. मग दुसरा तुकडा. अक्का समोर बसल्या होत्या. मला "ये" म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांनी हात मांडीवर ठेवले, उचलले, परत ठेवले.

ताट संपलं. मामांच्या ओठाला चटणी लागली होती. अक्का पुढं सरकल्या आणि पदरानं पुसली.

"मी पुसली असती की," मामा म्हणाले.

"पुसा की उद्यापासनं," अक्का म्हणाल्या, आणि काही लागलेलं नसताना परत एकदा पुसलं.