तुळाजी नलवड्यांच्या चार टायरांची बखर

ज्याच्या वाहनास टायर लागत नाही त्या मूषकवाहन गजाननास नमन करून लिहितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आषाढ मासी घाटनाक्याच्या मुलखात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. तुळाजी नलवडे म्हणोन जीपवाले नामांकित. त्यांची लेक घाटावरील इस्पितळी बाळंत जाहली आणि सातवे दिवशी मायलेकींस घाट उतरवून घरी आणणे आले. पाऊस ऐसा की रस्ता कोणता, ओढा कोणता, कळेना. मग तुळाजींनी जुने गुळगुळीत टायर काढून चार नवे, काळे कुळकुळीत, बहुत स्वस्तात पैदा केले आणि गाडी नाक्यावर मिरवीत आणिली. तत्काळ चालकांचा दरबार भरला. बशीरभाई जीपवाले बोलते जाहले, "पावसाला मऊ रबर घ्यावं. झिजतंय लवकर, पण रस्ता धरून राहतंय." तुळाजी हसले, "वर्षात टक्कल पडतंय त्याला! कडक रबर घ्या, पाच वर्षं बघायला नको." कोणी म्हणे चिखलास रुंद खाचा, कोणी म्हणे पठारावर त्या खाचा नुसता आवाज करितात. ऐसे अगाध ज्ञान, प्रत्येकाचे वेगळे आणि प्रत्येकाचे खरे! आम्ही ऐकणारे थक्क जाहलो, चहा निवाला तरी ओठास लावणे सुचेना.

मग अनसाबाई ढेबे पुढे आल्या. तीस वर्षे दुधाचा टेम्पो घेऊन घाट उतरतात, त्या आल्या की दरबार गप्प होतो. बाईंनी चिखलात गुडघे टेकिले आणि टायराच्या कडेवर पदर घासला, आणि पदर काळा जाहला, आणि खालून चार अंक निघाले, तीन एक एक सहा. "तुळाजीदादा, हा टायर बनलाय सोळा सालातल्या एकतिसाव्या आठवड्यात. आठ वर्षं पडून वाळलाय हा. वरनं पॉलिश मारलंय, भेगा बघा." तुळाजींनी भेगेवरून बोट फिरविले. "नातीला ह्याच्यावर आणणार हुतो," इतकेच म्हणाले. तेव्हा बशीरभाई, ज्यांची घटकेपूर्वी थट्टा जाहली, आपल्याच जीपखाली जॅक लावते जाहले. "साइज एकच हाय. काढा चारी. माझी गाडी आज बसंल." हे औदार्य पाहून माझे डोळे भरले, ते लपवीत नाही.

इस्पितळातून मायलेकींस घेऊन उतरताना मी, हा बखरकार, मागील आसनी बाळंतिणीची पिशवी सांभाळीत होतो. तिसरे वळणी दरडीचा धोंडा आडवा आला आणि तुळाजींनी ब्रेक दाबिला आणि गाडी तसूभर न सरकता उभी राहिली, धोंडा हातभर पुढे. नाक्यावर बशीरभाईंनी पुसिले, "घसरली का कुठं?" तुळाजींनी पोरीच्या तोंडावरील दुपटे बाजूस केले. पोर निजली होती.

सारांश, टायरांविषयी त्या मुलखात आजही सत्रा मते आहेत. परंतु पोरीची झोप मोडली नाही, यावर दरबाराचे एकमत जाहले. कळावे.