आजीला ‘तू’ म्हणणारे यंत्र

मुलांनो, कल्पना करा. खोलीत अंधार आहे, तुमची हनुवटी एका गार पट्टीवर टेकली आहे, समोर हिरवा ठिपका आहे आणि कोणीतरी दरडावते आहे, “हलू नकोस!” तुम्ही गपचूप बसला असता. लेओकाद्या आजी मात्र ताडकन सरळ झाल्या.

“नकोस? मला ‘नकोस’ म्हणणारा हा कोण?”

“आजी, ते यंत्र आहे गं,” नात कलिना म्हणाली.

“असेना! अख्खी नोकरी पोस्टात झाली माझी. पोस्टमास्तरसुद्धा ‘अहो बाई’ म्हणायचे.”

दूरदेशी बनलेल्या त्या यंत्राला आमची पोलिश भाषा शिकवणारा ‘तू’पाशीच थांबला होता. मधुमेह्यांच्या डोळ्यांचा आतून फोटो काढायचा आणि बिघाड आहे का ते स्वतःच सांगायचे, एवढे यंत्राचे काम. साखर वाढली की डोळ्यामागच्या पडद्यातल्या बारीक नसा पाझरू लागतात, आणि दुखत काहीच नाही. आजींच्या बहिणीचा एक डोळा असाच गेला होता. हल्ली आजीही सुईत दोरा ओवताना दोऱ्यालाच शिव्या देत. आणि गावच्या दवाखान्यात यंत्र फक्त दुपारपर्यंत होते.

“नीट बघ. पुन्हा,” यंत्र म्हणाले.

“तूच बघ नीट!” आजी वळल्या. फोटो पुसट.

दानुता नर्सबाईंनी आवाज बंद केला, तर डोळा कधी उघडा ठेवायचा हेच आजींना कळेना. मग नर्सबाईंनी यंत्र जर्मन भाषेवर लावले.

“आता तर हा भांडायलाच उठला!” आजी म्हणाल्या.

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. बाहेरच्या बाकावरून झेनोन काका ओरडले, “लेओकाद्याबाई, आटपा की! आम्हीही माणसं आहोत!”

“मग तुम्ही घ्या ऐकून याचं अरे-तुरे!”

“अहो, प्या त्याच्याबरोबर एक घोट, म्हणजे मिटलं!”

आमच्याकडे पोलंडमध्ये मोठ्या माणसाशी अरे-तुरेवर यायचे, तर कोपरात कोपर अडकवून दोघांनी एकेक घोट घ्यावा आणि आपले नाव सांगावे लागते. आजींना ते पटले. त्यांनी थर्मासमधला बिनसाखरेचा चहा दोन पेल्यांत ओतला, यंत्राच्या दांड्यात कोपर अडकवले आणि घोट घेतला. “मी लेओकाद्या.” यंत्राच्या वाटणीचा चहा नर्सबाईंनी मुकाट्याने पिऊन टाकला आणि पुन्हा पोलिश लावले.

“हलू नकोस,” यंत्र म्हणाले.

“नाही रे हलत,” आजी लाडाने म्हणाल्या. “तू कुठला? जेवलास का?”

हनुवटी हलली. फोटो पुसट.

“पुन्हा.”

“दमला असशील बाबा. माझी बहीण असती ना...”

“आजीबाई!” नर्सबाई रडकुंडीला आल्या. “दहा मिनिटांत याला न्यायला गाडी येतेय!”

तेव्हा कलिनाने मागून हात घालून आजीचे तोंड गच्च दाबले. खटक. दुसरा डोळा. खटक.

यंत्र फोटो तपासू लागले. मग म्हणाले, “उजवा डोळा ठीक. डाव्या डोळ्यात बिघाडाची सुरुवात दिसते. लवकर डॉक्टरांकडे जा.”

आजींचे खांदे ताठ झाले. बोटांआडून त्या पुष्कळ काही बोलल्या. एकही शब्द कळला नाही, पण मान जोरजोरात ‘नाही, नाही’ करत होती.

कलिनाने हात काढलाच नाही. दारातून आत डोकावणाऱ्या सगळ्यांसमोर ती म्हणाली, “नर्सबाई, लुब्लिन शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. आजी ‘हो’ म्हणतेय.”